हातातला ताल : वऱ्हाडातील लेझीम आणि स्पेनमधील खोता

लेझीम शिकताना विद्यार्थी आधी वाजवायला शिकतो, नाच मागाहून येतो. ज्याच्या पायांना ताल हवा त्याच्याच हातात वाद्य द्यायचे, अशी या नाचाची घडण आहे. टिपऱ्यांचा नाच, चिपळ्यांवर रंगणारे भजन, झांजपथक ही सगळी त्याच कुळातली. स्पेनमध्ये हे काम कास्तान्युएला करते. तळहातात मावणाऱ्या, शिंपल्यासारख्या दोन लाकडी वाट्या दोरीने बोटाला अडकवलेल्या असतात आणि त्या वाजवतच अरागॉन प्रांतातला खोता हा लोकनाच नाचला जातो. अमरावती-अकोल्याच्या मैदानावर लेझीम गिरवणारे मूल आणि सारागोसाच्या नृत्यवर्गात खोता गिरवणारे मूल यांची गाठ पडण्याचे काही कारण नाही. पण दोघांपुढची अडचण एकच आहे. हात ताल धरून आहेत, पाय दुसऱ्याच कामात गुंतले आहेत आणि तरी शरीर डळमळता कामा नये. ही अडचण दोन्हीकडे कशी सोडवली जाते आणि त्यासाठी कोणकोणत्या संस्था उभ्या राहिल्या, ही हकीकत बरीच लांबची आणि अनेक वळणांची आहे.

लेझीम म्हणजे सुमारे दीड फुटाचा लाकडी दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना जोडलेली साखळी, साखळीत ओवलेल्या पत्र्याच्या चकत्या आणि साखळीच्या मध्यावर धरायला एक मूठ. दांडा उजव्या हातात, मूठ डाव्या हातात. दोन्ही हात एकमेकांपासून झटक्याने दूर नेले की साखळी ताठ होऊन एक आवाज येतो, जवळ आणले की चकत्या दांड्यावर आपटून दुसरा. आकाराने ती धनुष्यासारखी दिसते, कारण ती मुळात धनुष्यच होती. धनुर्धाऱ्याच्या खांद्यात आणि दंडात जोर यावा म्हणून दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेले जड धनुष्य ओढण्याचा सराव असे. इराणमधल्या जोरखान्यांत, म्हणजे तिथल्या आखाड्यांत, कब्बादे नावाचे असेच लोखंडी धनुष्य आजही डोक्यावर धरून डावीकडून उजवीकडे खणखणवले जाते आणि समोर उंच बैठकीवर बसलेला गुरू ढोल वाजवत लय देतो. महाराष्ट्रात ही वस्तू हलकी झाली, लाकडाची झाली आणि व्यायामातून नाचाकडे सरकली. तिच्यातला व्यायाम मात्र गेला नाही. अर्धा तास लेझीम खेळणाऱ्याचे खांदे, कंबर आणि मांड्या भरून येतात.

वऱ्हाडात लेझमीला शिस्तशीर शिक्षणाचे रूप मिळाले ते आखाड्यांतून. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या आखाड्यातून वाढले. कुस्ती, मल्लखांब, लाठी यांच्या जोडीला लेझीमही तिथे व्यायामप्रकार म्हणून शिकवली जाऊ लागली. त्या काळात असे काम एकट्या अमरावतीत चाललेले नव्हते. बडोद्यात प्रा. माणिकराव यांनी जुम्मादादा व्यायाममंदिरात इंग्रजी हुकुमांच्या जागी देशी बोलीतले हुकूम आणून सामुदायिक कवायत बसवली. पुढे तिथूनच द. चिं. मुजुमदारांच्या संपादनाखाली व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड निघाले. परंपरेने तोंडी चालत आलेले प्रकार नाव देऊन, क्रम लावून, चित्रांसह कागदावर उतरवण्याचे हे काम फार मोलाचे ठरले. गावोगावच्या मास्तरांना वाचून शिकवता येईल अशी लेझीम त्यातून तयार झाली.

अमरावतीच्या मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जर्मनीत गेले आणि तिथे कबड्डीसह भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके झाली. वऱ्हाडात ही घटना अजून अभिमानाने सांगितली जाते. त्याच वर्षीची स्पेनमधली गोष्ट मात्र इकडे फारशी माहीत नाही. स्पेनने बर्लिनवर बहिष्कार टाकला होता आणि उत्तर म्हणून बार्सेलोनात १९ ते २६ जुलै या काळात लोकांचे ऑलिम्पिक भरायचे होते. त्याच्या कार्यक्रमात धावणे-पोहण्याबरोबर बुद्धिबळ, संगीत, नाटक आणि लोकनृत्यही होते. खेळाडू शहरात पोचलेले असतानाच लष्कराने बंड केले, यादवी युद्ध पेटले आणि ते स्पर्धासत्र झालेच नाही. लोकनाच हा खेळांच्या शेजारी ठेवण्याजोगा विषय आहे, असे त्या काळात जगाच्या अगदी वेगवेगळ्या कोपऱ्यांत वाटत होते, हे या दोन घटना शेजारी ठेवल्या की दिसते.

लेझमीचा पहिला धडा म्हणजे चार आवाज. मुले ओळीत उभी राहतात आणि ‘हुशार’ असा हुकूम आला की लेझीम छातीसमोर धरतात. मग एक-दोन-तीन-चार अशा मोजणीवर दांडा आणि साखळी आळीपाळीने दूर आणि जवळ होत राहते. कमरेतून वाकून हात खाली जातात आणि अंग सरळ करत वर येतात. पाय या वेळी हलतच नाहीत. नवख्या मुलाला हे कंटाळवाणे वाटते, पण सगळी लेझीम याच चार आवाजांवर उभी असते. हाताच्या झटक्यात खळखळ न होता एकच स्वच्छ ठोका यावा लागतो. चाळीस मुलांच्या चाळीस लेझमींतून एकच ठोका निघेपर्यंत चांगला शिक्षक पुढचा प्रकार घेत नाही. यानंतर एक जगह, आदि लगाव, दो रुख, आगे फलांग, पीछे फलांग, पवित्रा असे प्रकार येतात. एका जागी पाय उचलणे, दोन्ही बाजूंना वळणे, पुढे झेप, मागे झेप, शस्त्र पेलताना घेतात तसा पवित्रा. मोजणी सगळीकडे चारचीच. हुकुमांची ही हिंदुस्थानी बोली आखाड्यातून आली आणि मराठी शाळांतही तशीच टिकली. वऱ्हाडातल्या मुलांना ती परकी वाटत नाही, कारण अमरावती-अकोल्याच्या बाजारात मराठीच्या बरोबरीने हिंदी कानावर पडतच असते.

ढोल किंवा हलगी नंतर जोडली जाते आणि प्रकार बदलण्याची खूण शिट्टीने दिली जाते. इथे शिक्षणाचा खरा कस लागतो. मोजणी तोंडाने चालू असते तोवर मुलाचे लक्ष आकड्यावर असते. मोजणी थांबली आणि नुसता ढोल उरला की ते आवाजावर यावे लागते. ज्या वर्गात मोजणी फार दिवस चालते तिथली मुले ढोलाची लय वाढताच विस्कटतात. अनुभवी शिक्षक म्हणूनच आकडे लवकर सोडतात आणि मुलांना स्वतःच्या लेझमीचा आवाज ऐकायला लावतात.

वऱ्हाडातल्या मुलाचा कान एरवीही बराच तयार असतो. अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामच्या पूर्णा नदीचे पाणी कावडींनी आणून ग्रामदैवत राजराजेश्वराला घातले जाते. त्या वेळी रस्ताभर ढोलताशांचा जो कल्लोळ चालतो तो लहान मुले खांद्यावर बसून ऐकत मोठी होतात. अमरावती जिल्ह्यात मोझरीच्या गुरुकुंजातून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवरचे भजन गावोगावी पोचवले. भजन गाणारा स्वतःच खंजिरी वाजवतो, अंग झोकून वाजवतो आणि गाण्याची ओळ तालातून निसटू देत नाही. लेझीम शिकवणाऱ्याला मुलांकडून नेमके हेच हवे असते.

आता खोता. स्पेनमध्ये या नावाचे नाच अनेक प्रांतांत आहेत, पण अरागॉनचा खोता सर्वांत प्रसिद्ध. तीन मात्रांची चपळ लय, जोडीने समोरासमोर नाचणारे स्त्री-पुरुष, डोक्याच्या पातळीवर उचललेले हात, त्या हातांत कास्तान्युएला आणि पायांत वर दोऱ्यांनी बांधलेल्या, सुंभाच्या तळाच्या चपला. पुरुषाच्या डोक्याला कचिरुलो नावाचा रुमाल गुंडाळलेला असतो. साथीला गिटार, बांदुरिया आणि लाउद अशा तारवाद्यांचा ताफा. गाणे चार ओळींच्या कडव्याचे असते, पण गाताना ओळी परत परत घेऊन त्यांच्या सात केल्या जातात. नाचणारा चवड्यांवर उड्या मारत राहतो आणि प्रत्येक उडीत कास्तान्युएला ठोका चुकू देत नाही. तेरुएल जिल्ह्यातल्या अल्कान्यीस, कालांदा, अल्बालाते, आंदोर्रा या गावांच्या नावाने खोत्याचे वेगवेगळे प्रकार ओळखले जातात. गाव बदलले की पावले आणि झेपा बदलतात.

स्पॅनिश विद्यार्थ्याचाही पहिला धडा हाताचाच असतो. कास्तान्युएलांची जोडी सारख्या आवाजाची नसते. एक थोडी चढ्या सुराची असते, तिला मादी म्हणतात आणि ती उजव्या हातात. दुसरी खालच्या सुराची, ती नर आणि डाव्या हातात. कुठे ती अंगठ्याला अडकवतात, कुठे मधल्या बोटाला. अंगठ्याच्या पद्धतीत उजव्या हाताची करंगळी, अनामिका, मधले बोट आणि तर्जनी एकामागून एक वाटीवर पडतात आणि एक सलग थरथर उमटते. तिला शिक्षक ‘रिया’ म्हणतात. डाव्या हाताच्या एकाच ठोक्याला ‘ता’. वर्गात मुले हे शब्द मोठ्याने म्हणत वाजवतात. तबल्याचे बोल पाठ करणाऱ्या मराठी मुलाला यात नवल वाटणार नाही. मधल्या बोटाच्या पद्धतीत बोटांपेक्षा मनगटाचा झटका काम करतो, आवाज जाडा येतो आणि उघड्या मैदानात तो जास्त दूर जातो. गावच्या नाचांना हीच पद्धत सोयीची. लेझमीचा झटका आणि हा मनगटाचा झटका यांत अंतर फारसे नाही.

दक्षिणेतल्या सेव्हिया शहराचा सेव्हियानास हा नाच शिकवण्याच्या दृष्टीने फारच सोयीचा बांधलेला आहे. त्याची चार कडवी असतात आणि प्रत्येकाचा नाच वेगळा. विद्यार्थी एक कडवे पुरते शिकतो, जत्रेत तेवढेच नाचतो, पुढच्या वर्षी दुसरे शिकतो. कडवे संपताना दोघेही हात वर करून एकदम स्तब्ध होतात. ती थांबण्याची जागा चुकली की नाच चुकला. सेव्हियाच्या वसंतातल्या जत्रेत, जी १८४७ साली गुरांचा बाजार म्हणून सुरू झाली, आजी आणि नात एकाच मांडवात हा नाच नाचतात. शिकण्याचे वय संपले असे तिथे कुणाला सांगावे लागत नाही.

खोत्याला शाळेचे आणि स्पर्धेचे वळण बरेच आधी लागले. सारागोसात खोत्याची अधिकृत स्पर्धा १८८६ साली सुरू झाली. ऑक्टोबरात पिलार मातेच्या उत्सवात शहर भरून जाते, १२ तारखेला लोक पारंपरिक पोशाखात फुले वाहायला येतात आणि चौकाचौकांत खोता रंगतो. स्पर्धेमुळे गाणाऱ्या-नाचणाऱ्यांना नाव मिळाले, शिकवणाऱ्यांना शिष्य मिळाले. तिची किंमतही मोजावी लागली. परीक्षकांपुढे जे उठून दिसते ते वाढले, म्हणजे उंच उड्या आणि झटपट गिरक्या. गावात जेवणावळीनंतर कुणीही नाचेल असा साधा प्रकार मागे पडला.

यादवी युद्धानंतर फ्रँको राजवटीत या नाचांच्या शिक्षणाला वेगळेच वळण मिळाले. फालांखे या सत्ताधारी पक्षाच्या स्त्री-विभागाने, ज्याची स्थापना १९३४ साली झाली होती आणि ज्याच्या प्रमुख पिलार प्रिमो दे रिव्हेरा होत्या, ‘कोरोस इ दान्सास’ या नावाने देशभर गायन-नृत्याचे गट उभे केले. या संघटनेच्या स्त्रिया खेड्यापाड्यांत जाऊन म्हाताऱ्यांकडून नाच, गाणी, पोशाख टिपून घेत आणि मग मुलींना ते शिकवत. अनेक नाच त्यामुळे वाचले, ही गोष्ट नाकारता येत नाही. त्याचबरोबर ते एका हुकूमशाहीच्या कौतुकाचे साधन झाले, गट परदेशांत राजवटीचा हसरा चेहरा म्हणून पाठवले गेले आणि सुरुवातीला या गटांत फक्त स्त्रियाच असल्याने जोडीचे नाचही स्त्रिया-स्त्रियांनी नाचायचे अशी स्थिती होती. ही संघटना १९७७ साली बंद झाली. नंतरच्या पिढीने तेच नाच पुन्हा हाती घेतले, पण टिपणांवर विसंबून न राहता गावात जाऊन नव्याने विचारपूस करत.

महाराष्ट्रात लोकनृत्य शिकवण्यामागे स्वातंत्र्याची आणि समतेची प्रेरणा होती. आखाड्यांत राष्ट्रीय बाणा होता. १९४१ पासून नव्या जोमाने कामाला लागलेल्या राष्ट्र सेवा दलाने लेझीम मुलांच्या शाखांवर आणली, मुलामुलींना एकत्र खेळवले आणि पुढे त्याच्या कलापथकाने ‘महाराष्ट्र दर्शन’सारख्या कार्यक्रमांतून लोकनृत्ये रंगमंचावर नेली. मुलींच्या हातात लेझीम येणे हा मोठा बदल होता. आखाडा पुरुषांचा, लांग मारून खेळायचे प्रकार पुरुषांचे, अशी समजूत असलेल्या समाजात मुली मैदानावर झेपा घेऊ लागल्या. आज अमरावती आणि अकोल्यात गणपती विसर्जनाच्या किंवा शिवजयंतीच्या मिरवणुकीत मुलींचे लेझीम पथक दिसले तर कुणी थबकत नाही. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या उद्घाटनात पुणे जिल्ह्यातल्या वाल्हे गावच्या सुमारे ४०० खेळाडूंनी लेझीम सादर केली आणि दूरदर्शनमुळे ती देशभर पोचली. शारीरिक शिक्षणाच्या पदवी अभ्यासक्रमातही ती आहे. उद्याचे क्रीडाशिक्षक ती शिकूनच शाळेत जातात.

जोडीचे परदेशी लोकनाच मराठी-कोकणी मुलखात शिकवले जातात ते गोव्यात. तिथे कोरिदिन्यो हा पोर्तुगालच्या दक्षिणेकडचा चपळ जोडीनाच गटागटांनी बसवला जातो. वऱ्हाडात असा पाहुणा नाच रुजलेला नाही. मात्र स्पॅनिश कास्तान्युएलांचे सख्खे भावंड म्हणावे असे वाद्य अमरावती जिल्ह्यातच आहे.

ते आहे कोरकूंचे चिटकोरा. मेळघाटच्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत आणि सीमेपलीकडे मध्य प्रदेशात सातपुड्याच्या रांगांत कोरकू राहतात. त्यांची भाषा मुंडा कुळातली, म्हणजे तिची नाती शेजारच्या मराठीशी किंवा गोंडीशी नसून दूर झारखंडातल्या मुंडारी आणि संथाळीशी आहेत. कोरकू चैत्र-वैशाखात थापटी नाच नाचतात. त्यात स्त्रियांच्या हातात चिटकोरा हे लाकडी टाळासारखे वाद्य असते आणि पुरुषांच्या हातात पंचा व झांज. ढोल-ढोलकीच्या साथीवर दोन्ही रांगा डावी-उजवीकडे झुकत गोल फिरतात. गदली-सुसून या नाचातही स्त्रिया आणि पुरुष आपापल्या रांगांनी येतात. हे नाच कुठल्या वर्गात शिकवले जात नाहीत. लहान मुलगी रांगेच्या शेपटाला आईशेजारी उभी राहते, आधी नुसती झुकते, मग पाऊल टाकते, मग एखाद्या वर्षी तिच्या हातात चिटकोरा येतो. लेझमीच्या वर्गात वाद्य पहिल्या दिवशी मिळते. इथे ते सगळ्यात शेवटी. पण तोवर कान तयार झालेला असतो, म्हणून हाताला शिकायला वेळ लागत नाही.

या दोन रीतींची गाठ विद्यापीठात पडते. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १९८३ साली स्थापन झाले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. विद्यापीठांच्या युवा महोत्सवांत लोक आणि आदिवासी नृत्याची स्पर्धा असते. नाचणारे साधारण दहा, साथीदार मोजके आणि वेळ दहा मिनिटांपर्यंत. मेळघाटात रात्रभर चालणारा थापटी या चौकटीत बसवणे सोपे नाही. शहरातले विद्यार्थी बहुधा कोरकू नसतात, त्यांना गाण्याचे शब्द कळत नाहीत, आणि नाचाची चित्रफीत पाहून पावले उचलण्याचा मोह फार असतो. असे बसवलेले नाच लगेच ओळखू येतात. पोशाख चोख, रांगा सरळ, आणि चिटकोरा मात्र पार्श्वसंगीतात, ध्वनिमुद्रित. हातातले लाकूड नुसते हलवण्यापुरते. सारागोसाच्या परीक्षकांनी उड्यांचे केले तेच इथे रांगांचे होते.

काही महाविद्यालयांची पथके वेगळी वाट धरतात. ती मेळघाटातल्या जाणत्या माणसांना सरावाला बोलावतात किंवा स्वतः गावात जाऊन राहतात, आणि पहिले काही दिवस फक्त हात आणि कान यांवर घालवतात. गोलाचा प्रश्न मात्र उरतोच. गावात थापटीचा गोल बंद असतो, कारण पाहणारे आणि नाचणारे असा भेद तिथे नसतो. रंगमंचावर प्रेक्षक एकाच बाजूला बसलेले असतात आणि बंद गोलात अर्ध्या नाचणाऱ्यांची पाठ त्यांच्याकडे राहते. म्हणून गोल एका बाजूने उघडतात, कधी त्याची कमान करतात, कधी दोन समांतर रांगा. चिटकोरा ज्यांच्या हातात आहे त्या मुली कमानीच्या दोन टोकांना आणि मधोमध उभ्या केल्या तर त्यांचा ठोका सगळ्यांना ऐकू जातो आणि ध्वनिमुद्रणाची गरज उरत नाही.